पाऊण तासानं बंद पडणारा रोलर

मिस्त्रींना फोन केला की ते आपल्याशी बोलत नसत. "इंजिनाकडं द्या फोन," म्हणत. मग आपण चालू मशीनपाशी जायचं, फोन आधी सायलेन्सरपासून हातभर लांब धरायचा, मग पंपाच्या बाजूला, मग खाली तेलाच्या चेंबरपाशी. डोळे चुरचुरायचे. दोन मिनिटांनी फोन परत कानाला लावला तर त्यांनी तो कधीच ठेवलेला असे. तासाभरानं ड्रायव्हरच्या मोबाइलवर निरोप येई: व्हॉल्व्हची सेटिंग सैल झालीय, उद्या येतो, तोवर कुणी हात लावायचा न्हाय.

उद्या म्हणजे परवा, हे मी पहिल्या वर्षातच शिकले. 'मिस्त्री: सांगितलेला दिवस अधिक एक' असं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. त्याखाली दुसरी ओळ होती: शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला फोन करू नये. तिसरी: त्यांच्यासमोर मालकांना बोलू देऊ नये.

ही तिसरी ओळ माझ्या नवऱ्यासाठी. आमचा रस्त्याच्या कंत्राटांचा धंदा आहे. साइट नवरा बघतो. गडमुडशिंगीच्या यार्डातली मशिनरी, डिझेल, सुटे भाग आणि ड्रायव्हरांच्या पाळ्या मी बघते. मशीन बिघडलं की नवरा बिघाडाचं कारण सांगूनच सुरुवात करायचा. मिस्त्री शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "मालक, तुम्ही तेवढं चा सांगून या जावा." नवरा गेला की ड्रायव्हरकडे वळत. मशीन सकाळी कसं चालू झालं, चढाला दम लागला का, धूर कुठल्या रंगाचा होता, कालपेक्षा आज काय वेगळं वाटलं, असं वीस मिनिटं विचारत. पाना पिशवीतच. आणि तो सांगायला लावलेला चहा स्वतः पीत नसत. इंजिन सुरू झाल्याशिवाय त्यांनी आमच्याकडे कधी कप उचलला नाही. गार झालेले किती चहा ओतून दिले, याची नोंद मात्र मी ठेवली नाही.

अंगानं किरकोळ, पांढरी दाढी, खाकी शर्टाच्या खिशात रिकामी औषधाची बाटली. ती बाटली म्हणजे त्यांची प्रयोगशाळा. टाकीच्या तळातलं डिझेल त्यात घेत, सावलीत दगडावर ठेवत, आणि खाली पाण्याची रेघ जमते का ते बघत बसत. दुसरं हत्यार हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानामागच्या हाडावर धरली की डावा हात वर जाई. तो हात वर असेपर्यंत साइटवर कुणी फावडं आपटायचं नाही. एकदा बांधकाम खात्याचे मोठे इंजिनिअर पाहणीला आले असताना हा हात वर गेला आणि तेही वाक्य अर्धवट सोडून उभे राहिले.

धुराबद्दल ते माणसाच्या तब्येतीसारखं बोलत. काळा धूर म्हणजे खाल्लेलं पचत नाही, हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त जातंय. निळा म्हणजे तेल जळतंय. पांढरा म्हणजे एकतर थंडी, नाहीतर पाणी. कॉम्प्युटरवाल्या नव्या इंजिनांना ते हात लावत नसत. "त्याला पासवर्ड लागतोय, आन माझ्याकडं पाना हाय," एवढंच म्हणत. सोडवलेले बोल्ट ते जुन्या कॅलेंडरच्या पानावर मांडत, ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं, एका तारखेच्या चौकोनात एक. बसवताना महिनाअखेरीकडून पहिल्या तारखेकडे यायचं. ही पद्धत मी यार्डात सगळ्यांना सक्तीची केली. त्यांच्याकडून उचललेल्या गोष्टींत ही सगळ्यात उपयोगी.

त्यांचे पाने मात्र कधी क्रमात नसत. आज या साइटवर विसरले, उद्या त्या. आमच्याकडे त्यांचा सतरा नंबरचा पाना तीन वेळा राहिला. बोलणं तिखट. शेजारच्या एका खडीवाल्याचा लोडर तापत होता. त्यानं हेड उतरवून गॅस्केट बदललं, पाण्याचा पंप बदलला, आणि मग मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी रेडिएटरकडे बघितलं. जाळीत खडीची भुकटी आणि उसाचं पाचट गच्च बसलेलं. "इंजिनाला ताप न्हाय. तुम्ही त्याला गोधडीत गुंडाळलंय," म्हणाले, पाण्याचा पाइप मालकाच्याच हातात दिला आणि धुवायला लावलं. तो माणूस पुढे दोन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. मशीन बिघडलं की मला फोन करून निरोप द्यायला लावायचा.

माझ्या याद्यांवर त्यांचा राग नव्हता, पण विश्वासही नव्हता. प्रत्येक मशीनच्या केबिनमध्ये मी एक कागद प्लास्टिकमध्ये घालून लावलाय: रोज सकाळी काय बघायचं, किती तासांनी तेल बदलायचं, मशीन बंद पडलं तर आधी काय करायचं. मिस्त्रींनी तो एकदा वरून खालपर्यंत वाचला. "वैनी, समदं हाय यात. आवाज कुठं हाय?" त्या दिवसापासून माझ्या वहीत आवाजाचा रकाना आहे. ड्रायव्हर त्यात खडखड, शिट्टी, कुंथल्यासारखं, असं काहीही लिहितात, आणि त्यातलं निम्मं खरं निघतं.

आता रोलरचं सांगते.

आमच्याकडे सासऱ्यांनी घेतलेला तीन सिलिंडरचा जुना रोलर आहे. तो बारा वर्षं परशराम चालवत होता. चंदगड तालुक्यातला, कमी बोलणारा माणूस. रोलर मागे घेताना मान वळवून बघायचा नाही, चाकाखालच्या खडीच्या आवाजावरून थांबायचा. त्या वर्षी वळवाच्या पावसात इंजिन सकाळी पांढरा धूर टाकायला लागलं. मिस्त्रींनी बाटली भरली, दगडावर ठेवली, आणि खाली पाण्याची जाड रेघ आली. पाणी कुठून येतंय ते शोधा, असं मला सांगून ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले. महिनाभर काम बंद, धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही.

मी शोधलं. टाकी स्वच्छ केली, फिल्टर बदलले, नळ्या तपासल्या. आणि डिझेल टाकीच्या झाकणावर मला सुईच्या टोकाएवढं भोक सापडलं. पाणी इथूनच जातंय म्हणून वेल्डरकडून ते बुजवून घेतलं, झाकणाला रबराचा नवा वॉशर बसवला, वहीत ओळ लिहिली आणि पुढे बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवसापासून रोलर कळंब्याच्या रस्त्यावर लागला आणि बंद पडायला लागला. चालू झाला की पाऊण तास नीट, मग धाप लागल्यासारखा दबत जायचा आणि गप्प. परशराम उतरायचा, माझ्या कागदावरच्या पहिल्या ओळीप्रमाणे टाकी उघडून काठीनं डिझेल बघायचा, झाकण लावायचा, डिझेल ओढायच्या हातपंपाचे चार दट्टे मारायचा, आणि इंजिन सुरू. दुसऱ्या एका मेकॅनिकला आणलं. त्यानं डिझेलचा पंप बदलला. फरक पडला नाही. गरम डांबरावर रोलर मध्येच थांबला की चाकाखाली खोलगट वण पडतो आणि पुढचं डांबर दाबण्याआधी गार होतं. दोनदा तेवढा भाग उखडून परत करावा लागला. नवरा वैतागला होता.

मी माझ्या पद्धतीनं गेले. अकरा दिवस बंद पडण्याच्या वेळा लिहून घेतल्या. दिवसाला चार-पाच वेळा, आणि दर वेळी पाऊण तासानं, पाच मिनिटं इकडं तिकडं. परशरामला तंबाखूची सवय होती. मधल्या पाच मिनिटांत तो ती मळायचा, हे सगळ्यांना दिसत होतं. माझ्या वहीनं मला उत्तर दिलं असं मला वाटलं.

मी कळंब्याला गेले. खडीच्या ढिगापाशी उभी राहिले. डांबर पसरणारी पंधरा-वीस माणसं, पाण्याचा टँकरवाला, नवरा, सगळे तिथेच होते. मी वेळा वाचून दाखवल्या आणि म्हटलं, "इंजिन घड्याळ बघून बंद पडत नाही, परशराम. माणूस बंद पाडतो."

तो म्हणाला, "वैनी, मी बंद करत न्हाय. त्यो बंद पडतोय."

मी किल्ली मागितली. त्यानं ती सीटवर ठेवली, डबा घेतला आणि चालत रस्त्याला लागला. दुसऱ्या दिवशी कळलं, तो गावी गेला. रस्त्याच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. कामचुकार म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला पंचक्रोशीत कुणी मशीनवर बसवत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. वाईट वाटलं, पण काम चुकीचं केलं असं वाटलं नाही.

नव्या ड्रायव्हरच्या हातातही रोलर पाऊण तासानं बंद पडला. त्यालाही मी आधी सवय लागली असंच समजले. तिसऱ्या दिवशी मात्र मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी इंजिनाकडे फोन द्यायला सांगितलं नाही. म्हणाले, "येतो." आणि त्याच दिवशी आले, रिक्षातून, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा.

आल्या आल्या विचारलं, "परशराम कुठाय?"

नवऱ्यानं सांगितलं. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. पिशवी खाली ठेवली आणि दगडावर बसले. रोलर चालू करायला लावला. पाऊण तास ते जागचे हलले नाहीत. इंजिन दबायला लागलं तशी त्यांची मान किंचित तिरकी झाली. मग इंजिन बंद पडलं. नवा ड्रायव्हर उतरून टाकीच्या झाकणाला हात घालणार, तोच मिस्त्री ओरडले, "झाकण उघडायचं न्हाय."

तो म्हणाला, यादीत पहिलं तेच लिहिलंय. मिस्त्री म्हणाले, आज यादी राहू दे. स्टार्टर मारा. इंजिन फिरलं, सुरू झालं नाही. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मारला. नाही. अर्ध्या तासानं पुन्हा. नाही. हातपंप दाबून बघितला तर दट्टा आतल्या आत ओढला जात होता.

"परशरामाच्या हातात किती वेळात चालू व्हायचा?" त्यांनी मला विचारलं.

पाच मिनिटांत, मी म्हटलं. डिझेल बघून झालं की लगेच.

"म्हंजे झाकण उघडलं की."

ते रोलरवर चढले. वाकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं, तरी टाकीला कान लावला. हात वर गेला. फावडी थांबली. त्यांनी झाकण हळूहळू सैल केलं, आणि टाकीनं लांब श्वास घेतला. मी सहा पावलांवर होते, मला स्पष्ट ऐकू आला. हातपंपाचे दट्टे, स्टार्टर, दोन उचक्या, आणि इंजिन सुरू.

ते खाली उतरले. हात फडक्याला पुसले. "वैनी, वही आणलीया?"

इतक्या वर्षांत त्यांनी वही कधी मागितली नव्हती.

"बंद पडाय लागला त्याच्या आदल्या दिवसापासनं मागं वाचा."

मी वाचू लागले. पट्टा ताणला. ग्रीस दिलं. टाकीच्या झाकणाला भोक, त्यातून पाणी जाते, बुजवले, नवा वॉशर. ही ओळ वाचताना तिच्यापुढची बरोबरची खूण मला फार मोठी दिसली.

मिस्त्री माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. खडीवाल्याला बोलले तसं काही बोलतील म्हणून मी तयार होते. त्यांनी फक्त समजावून सांगितलं, नवीन ड्रायव्हरला सांगावं तसं. डिझेल खाली जातं, तर रिकामी झालेली जागा भरायला वरून वारा यायला लागतो. ते भोक त्यासाठी ठेवलेलं. भोक बंद, तर टाकी डिझेल धरून ठेवते, सोडत नाही. झाकण उघडलं की वारा भरतो, पुन्हा पाऊण तासाची सोय. "इंजिन घड्याळ बघत न्हाय, खरं हाय तुमचं. पर काम रोज सारखंच असंल, तर टाकीला दम लागायला वेळबी सारखाच लागतोय की."

म्हणजे मी ते वाक्य बोलले, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आणि पाणी आलं होतं ते यार्डात उघड्यावर उभ्या ठेवलेल्या बॅरलांमधून. पावसाचं पाणी बुचाभोवती साठून आत झिरपायचं. बॅरल आडवे ठेवा, एवढंच म्हणाले.

बारीक ड्रिलनं त्यांनी झाकणाचं भोक पुन्हा मोकळं केलं. इंजिन चालू ठेवलं. तास झाला, दीड तास झाला, बंद पडलं नाही. मी चहा मागवला. त्यांनी कप घेतला नाही. रोलर बंद करून किल्ली शर्टाच्या खिशात टाकली.

नवरा म्हणाला, उद्या दुपारी डांबराच्या गाड्या येणार आहेत, किल्ली ड्रायव्हरकडे द्या. मिस्त्री म्हणाले, "मालक, बिघाड काढाय बोलवलंसा न्हवं? अजून पुरा निघाला न्हाय." आणि माझ्याकडे वळले. "इंजिन मी चालू करून दिलं. त्याचा ड्रायव्हर तुम्ही घेऊन या."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चंदगडला निघाले. जाताना काय बोलायचं ते चार मुद्द्यांत ठरवलं. परशराम घरावर चढून कौलं नीट करत होता. त्याची बायको दारात आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता कशाची वेळ लिहाय आलासा?" मी ठरवलेले चारही मुद्दे विसरले. वर बघून म्हटलं, चूक माझी होती, झाकणाचं भोक मी बुजवलं, त्यानं रोलर बंद पडत होता. परशराम हातातलं कौल बसवून मग खाली उतरला. हाताची माती झटकली. मग विचारलं, मिस्त्री काय म्हणाले. मी सांगितलं. त्यानं आत जाऊन शर्ट घातला. त्याच्या बायकोनं मला पाणी दिलं, बसा म्हणाली नाही.

कळंब्याला पोहोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. डांबराच्या दोन गाड्या उभ्या, माणसं हातावर हात ठेवून, नवरा फोनवर. आणि रोलरच्या सीटवर काळा चष्मा लावून, छत्री उघडून मिस्त्री. सकाळपासून बसले होते. नव्या ड्रायव्हरला चढू दिलं नव्हतं, नवऱ्याला तर नाहीच.

परशराम रोलरपाशी गेला. मी गाडीचं दार लावलं. माफी मागून झाली होती, माणूस आणून झाला होता, माझ्या हिशेबानं काम संपलं होतं.

"वैनी," मिस्त्री वरूनच म्हणाले, "त्या दिवशी कुठं उभं राहून बोलला हुतासा?"

मी खडीच्या ढिगाकडे बोट केलं.

"मग तिथनंच सांगा. घरात जाऊन सांगितलेलं हितं कुणाला ऐकू येतंय?"

नवरा काहीतरी बोलायला गेला. मिस्त्रींचा डावा हात वर झाला आणि तो थांबला.

मी ढिगापाशी जाऊन उभी राहिले. तीच पंधरा-वीस माणसं होती, टँकरवालाही होता. वही गाडीत होती. मी म्हटलं, परशरामनं रोलर कधीही मुद्दाम बंद पाडला नाही. टाकीचं झाकण मी चुकीचं दुरुस्त करून घेतलं आणि दोष त्याच्यावर टाकला. माझं चुकलं. आवाज नीट निघाला नाही. मागच्या माणसानं काय म्हणाल्या म्हणून विचारलं, तेव्हा मी पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.

मिस्त्रींनी छत्री मिटली, खाली उतरले, खिशातली किल्ली परशरामच्या हातात ठेवली आणि टँकरवाल्याकडून चहाचा कप घेतला. परशराम वर चढला. इंजिन एका स्टार्टरला लागलं. गाडीवाल्यानं पहिलं डांबर सोडलं, वाफ उठली, माणसं फावडी घेऊन पळाली. मी मात्र तिथेच उभी होते. आता काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

परशरामनं मान वळवली. मागे घेताना तो कधी मान वळवायचा नाही.

"वैनी, बाजूला व्हा की जरा. रोलर मागं घ्यायचाय."